सरखेल कान्होजी आंग्रे आणि आपण

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रविवारच्या मिस्सानंतर धर्मशिक्षणाचा वर्ग आटोपला आणि मुले पांगली. सातवीतला एक मुलगा मात्र दाराशी घुटमळत राहिला. काय रे बाळ, म्हणून विचारले तेव्हा खाली पाहत म्हणाला, "फादर, शाळेत इतिहासाचा धडा चालू आहे. वर्गातली मुलं म्हणतात, पोर्तुगीज म्हणजे तुमचे लोक. कान्होजी आंग्र्यांनी तुमच्या लोकांना हरवलं. खरं का?"

या मुलाचे आजोबा याच काळ्या मातीत कापूस वेचीत म्हातारे झाले. पोर्तुगाल पृथ्वीच्या पाठीवर कोठे आहे हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. तरीही नातवाला वर्गात मान खाली घालावी लागली. अर्ध्या वाक्यात उत्तर देऊन त्याची बोळवण करणे आम्हांला बरे वाटले नाही. "पुढच्या रविवारी सांगतो," असे म्हणून आम्ही त्याला घरी पाठवले आणि आठवडाभर कपाटातील जुनी पुस्तके काढून बसलो. त्या मुलाला जे सांगितले तेच येथे थोड्या विस्ताराने मांडीत आहोत. कारण हा प्रश्न त्या एकट्याचा नाही.

आमचा यवतमाळ जिल्हा समुद्रापासून शेकडो मैल दूर, वर्धा आणि पैनगंगा यांच्या कुशीतला. येथले पाणीसुद्धा गोदावरीला मिळून पूर्वेच्या समुद्राकडे जाते. कान्होजी म्हटले की इथल्या जाणत्या माणसांना आठवतात ते भामचे कान्होजी भोसले, ज्यांना त्यांच्याच पुतण्याने, रघूजी भोसल्यांनी, वणीजवळ मंदर येथे गाठून कैद केले. पण त्याच छत्रपती शाहूंच्या अमलाखाली, त्याच काळात, पश्चिमेच्या दर्यावर दुसरे एक कान्होजी होते. इंग्रज, पोर्तुगीज आणि डच या तिन्ही दर्यावर्दी सत्तांनी त्यांच्यावर चाल केली आणि तिघांनाही हात हालवीत परतावे लागले.

कान्होजींचा जन्म इ. स. १६६९ चा. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून ते आंग्रे झाले. वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या आरमारात चाकरीस होते. त्यामुळे मुलाचे बालपण हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गाच्या परिसरात, कोळी, भंडारी आणि खारवी नावाड्यांच्या संगतीत गेले. भरती-ओहोटीचे गणित, वाऱ्याची दिशा आणि खडकांच्या जागा त्यांना शाळेत नव्हे, तर होडीत समजल्या. पुढे औरंगजेबाची फौज महाराष्ट्रात पसरली, संभाजी महाराजांचा वध झाला, राजाराम महाराज जिंजीला गेले आणि कोकणातील किल्ल्यांना कोणी वाली उरला नाही. अशा वेळी सुवर्णदुर्गाचा किल्लेदार जंजिऱ्याच्या सिद्दीला फितूर झाल्याची कुणकुण तरुण कान्होजींना लागली. त्यांनी त्याला कैद करून किल्ला स्वतः झुंजविला, अशी हकीकत सांगतात. लढाईत ते शत्रूच्या हाती सापडले, निसटले, पोहत किल्ल्यात परतले आणि पावसाळा लागेपर्यंत टिकून राहिले, असेही सांगतात. सुमारे १६९८ मध्ये मराठी आरमाराचे प्रमुखपद, म्हणजे 'सरखेल' हा किताब, त्यांच्याकडे आला. त्यांचे मुख्य ठाणे झाले अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला.

त्यांचे आरमार इंग्रजांच्या आरमारापुढे दिसायला लहान होते. मोठी जहाजे म्हणजे 'गुराबा': दोन किंवा तीन डोलकाठ्यांच्या, उथळ बुडाच्या, पुढे निमुळत्या होत गेलेल्या. लहान ती 'गलबते', शिडाबरोबरच वल्ह्यांवरही चालणारी. इंग्रजांच्या जहाजांच्या तोफा बाजूंना असत. समोर किंवा पाठीमागे मारा करण्याची त्यांची ताकद थोडी. कान्होजींनी हे हेरले. वारा पडला की इंग्रजी जहाज जागच्या जागी लाकडाच्या ओंडक्यासारखे उभे राही. मग वल्हवणारी गलबते गुराबांना ओढीत त्याच्या पिछाडीला आणीत. गुराबांच्या नाळेवरील तोफा डोलकाठ्या आणि शिडे फोडीत आणि शेवटी माणसे तलवारी घेऊन वर चढत. शत्रू फारच भारी असला तर गलबते जवळच्या खाडीत शिरत. तेथवर मोठ्या जहाजाला जायला पाणीच पुरत नसे. आपल्या किनाऱ्याची नीट पारख हेच त्यांचे मोठे शस्त्र होते.

राजकारणातही हा पुरुष कच्चा नव्हता. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आल्यावर गादीचा वाद उभा राहिला, तेव्हा कान्होजी ताराबाईंच्या पक्षाला होते. १७१३ मध्ये शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवले. कान्होजींनी पेशव्यांनाच कैद करून ठेवले! अखेर कोकणातलेच असलेले बाळाजी विश्वनाथ पेशवे होऊन बोलणी करण्यास आले. १७१४ च्या आरंभी समेट झाला. दहा किल्ले, सोळा गढ्या आणि सरखेली कान्होजींकडे राहिली आणि त्यांनी शाहूंची सत्ता मान्य केली. भावाभावांतील भांडण तलवारीऐवजी बैठकीत मिटले, म्हणून पुढची पंधरा वर्षे दर्यावर मराठी निशाण फडकत राहिले. घरातले वाद कोर्टाच्या पायरीपर्यंत नेणाऱ्या आपल्या कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. इंग्रजांनी लिहिलेल्या जुन्या पुस्तकांत कान्होजी आंग्रे यांचा उल्लेख सरसकट 'चाचा' असा येतो. चाचा म्हणजे समुद्रावरचा दरोडेखोर. हे नाव त्यांना का मिळाले? सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज या समुद्रात 'कर्ताज' नावाचे परवाने देत. ज्या जहाजापाशी कर्ताज नाही ते जप्त होई. पुढे इंग्रज कंपनीही आपले परवाने देऊ लागली. कान्होजींनी तेच केले: आमच्या किनाऱ्यावरून व्यापार करणाऱ्याने आमचे 'दस्तक' घ्यावे, त्याचे शुल्क भरावे, नाहीतर जहाज धरले जाईल. पोर्तुगिजांनी केले तो कायदा, इंग्रजांनी केला तो व्यापार आणि ज्याचा हा किनारा त्याने केली ती चाचेगिरी! शब्दांचा हा हिशेब ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांनी मांडला.

येथे आम्हांला सेमिनरीतील एक तास आठवतो. संत ऑगस्टीन यांच्या 'देवाचे नगर' या ग्रंथातील एक प्रसंग आमचे प्राध्यापक रंगवून सांगत. एक समुद्री चाचा पकडून अलेक्झांडर बादशहापुढे उभा केला जातो. समुद्राला उपद्रव देण्याचे कारण बादशहा विचारतो. चाचा निर्भयपणे उत्तर देतो की, तू साऱ्या पृथ्वीला उपद्रव देतोस तेच मी करतो; माझी होडी लहान म्हणून मी चोर आणि तुझे आरमार मोठे म्हणून तू सम्राट. न्याय वजा केला तर राज्य आणि दरोडेखोरांची टोळी यांत फरक उरत नाही, हे संत ऑगस्टीन यांना दाखवायचे होते.

मुंबईचे इंग्रज गव्हर्नर चार्ल्स बून आणि कान्होजी यांच्यात १७२० च्या सुमारास जो पत्रव्यवहार झाला तो वाचताना हा प्रसंग हटकून डोळ्यांपुढे येतो. दुसऱ्याच्या मालमत्तेची हाव धरणाऱ्याचे कधी भले होत नाही, असा उपदेश बूनसाहेबांनी केला. त्यावर कान्होजींच्या उत्तराचा मथितार्थ असा: परक्याचे ते आपले व्हावे ही हाव व्यापाऱ्यांनाही सुटलेली नाही, जगाची रीतच ही, देवसुद्धा वरून काही टाकीत नाही, एकाचे घेऊन दुसऱ्याला देतो. कोकणच्या या सरदाराने संत ऑगस्टीन वाचले असणे शक्य नाही. पण त्या चाच्याचे उत्तर त्यांना आपोआप सुचले. त्यांची देवाविषयीची समजूत आम्हांला मान्य होण्यासारखी नाही. आपला देव एकाचे ओरबाडून दुसऱ्याला देणारा नव्हे. परंतु बूनसाहेबांच्या उपदेशातील पोकळपणा त्यांनी अचूक पकडला, हे कबूल केले पाहिजे.

याचा अर्थ कान्होजी संत होते, असा नाही. १७१२ च्या अखेरीस त्यांच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौका पकडली. तिच्यावर कारवारच्या वखारीचे प्रमुख चाऊन होते. ते लढाईत मारले गेले. त्यांची तरुण पत्नी कॅथरिन कैदेत पडली आणि पुढच्या वर्षी तीस हजार रुपये खंडणी मोजल्यावर सुटली. नवऱ्याचे प्रेत पाहून परक्या किल्ल्यात दिवस काढणाऱ्या त्या स्त्रीचे दुःख खरे होते. ज्या सामान्य व्यापाऱ्यांची जहाजे जप्त झाली त्यांचेही नुकसान खरे होते. त्या काळच्या सर्वच सत्ता कैद्यांवर खंडणी घेत, हे स्पष्टीकरण झाले, समर्थन नव्हे. आपल्या वीरांचे दोष झाकून त्यांना मोठे करावे लागते, असे आम्हांला वाटत नाही.

बूनसाहेब १७१५ च्या अखेरीस मुंबईस आले आणि आंग्र्यांचा नायनाट करण्याचा त्यांनी चंग बांधला. मुंबईभोवती तट उभारला, लढाऊ जहाजे बांधली. १७१७ मध्ये विजयदुर्गावर हल्ला झाला, फसला. १७१८ मध्ये खांदेरीवर झाला, तोही फसला. १७२० मध्ये तोफांनी भरलेला एक तरंगता बुरूजच बांधून पुन्हा विजयदुर्गावर नेला. काही साधले नाही. १७२४ मध्ये डचांनी सात जहाजांनिशी विजयदुर्गावरच चाल केली. त्यांनाही माघारी फिरावे लागले.

या सर्वांत मोठी मोहीम मात्र १७२१ ची, आणि आपल्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तरही तिच्यातच आहे. त्या वर्षी इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन कुलाबा घेण्याचा करार केला. इंग्लंडच्या राजाची चार युद्धनौकांची तुकडी घेऊन कमोडोर थॉमस मॅथ्यूज आले. गोव्याचे व्हाइसरॉय फ्रान्सिस्को जोझे द साम्पायो इ कास्त्रो जातीने आले. दोहोंचे मिळून हजारो सैनिक चौलहून डिसेंबरात कुलाब्यावर चालून गेले. नाताळच्या आसपासचे दिवस. इंग्रजांच्या आरमारी निशाणावर संत जॉर्जचा क्रूस, पोर्तुगिजांच्या जहाजांवरही क्रूस. आणि समोर भगवे निशाण. चित्र काढायचे म्हटले तर क्रूस विरुद्ध भगवा, असे सहज काढता येईल. शाळेतील त्या मुलांच्या डोळ्यांपुढे बहुधा असेच चित्र असावे.

पण चित्राच्या पाठीमागे पाहा. याच बूनसाहेबांनी दीड वर्षापूर्वी, मे १७२० मध्ये, गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकारातील पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना मुंबई बेटातून बाहेर काढले होते. त्यांच्या निष्ठेचा कंपनीला संशय होता. तेथील कॅथलिकांची सोय त्यांनी कार्मेलाइट संघाच्या व्हिकर अपोस्टोलिककडे सोपवली. आपले गुरू कोण, हे श्रद्धावंतांना कोणी विचारले नाही. असे हे दोन मित्र! कुलाब्यासमोर त्यांचे काय झाले? पहिला हल्ला मराठ्यांनी परतवला. मॅथ्यूज यांना एका घोडेस्वाराचा भाला मांडीला लागला. बाजीराव पेशव्यांची कुमक येऊन पोहोचली, तेव्हा दोस्तांची फळी विस्कटली. पराभवाचे खापर दोघेही एकमेकांवर फोडू लागले. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगिजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून बाजीरावांशी परस्पर तह केला. क्रूसाच्या नावाने जोडलेली ही मैत्री असती तर एका पराभवाने तुटली नसती. ती मिठाच्या, मिऱ्यांच्या आणि जकातीच्या हिशेबाने जोडलेली होती. हिशेब फिसकटला तशी ती मोडली.

आता दुसरी बाजू. मराठी आरमाराच्या पायाभरणीतच ख्रिस्ती हात आहेत, हे किती जणांना ठाऊक असेल? १६५९ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत जहाजे बांधण्यास घेतली, तेव्हा रुय लैतांव व्हियेगस नावाचा पोर्तुगीज कारागीर आणि त्याच्याबरोबरची शेकडो माणसे त्या कामावर होती. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना फूस लावून पळवून नेले, ते धर्माच्या काळजीने नव्हे. उद्या ही जहाजे आपल्यावरच येतील या भीतीने. कान्होजींच्या पदरीही पोर्तुगीज आणि डच खलाशी व गोलंदाज होते. मॅन्युएल द कास्त्रो नावाचा पोर्तुगीज तर आधी त्यांच्या आरमारात होता आणि मग बूनसाहेबांकडे गेला. म्हणजे कुलाब्याच्या तटाच्या दोन्ही बाजूंना ख्रिस्ताचे नाव घेणारी माणसे असू शकत होती. पाद्रोआदोच्या काळात राजसत्तेने धर्मसत्तेचा हात धरला. त्या मैत्रीत ख्रिस्तसभेची सोय झाली असेल. पण किंमतही मोजावी लागली. राजाचे निशाण आणि तारणाऱ्याचे निशाण लोकांना एकच वाटू लागले. त्याच घोटाळ्याचे ओझे आज एका सातवीतल्या मुलाच्या पाठीवर येऊन पडले आहे.

कुलाब्यापासून काही कोसांवर रेवदंडा-चौल आहे आणि खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर. १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज अधिकारी आपापल्या जहाजांत बसून निघून गेले. गरीब ख्रिस्ती माणसे कोठे जाणार? ती कोर्लईच्या पायथ्याशी राहिली. आजही त्या गावात माउंट कार्मेल मातेचे चर्च आहे. घरात पोर्तुगीज शब्दांची त्यांची स्वतःची बोली आणि बाजारात मराठी, असा त्यांचा जीवनक्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे. तोफा गेल्या, व्हाइसरॉय गेले, व्यापार बुडाला, प्रार्थना राहिली. एखाद्या राज्याच्या टेकूवर उभी असलेली श्रद्धा राज्याबरोबर गेली असती. कोर्लईच्या बायाबापड्यांनी ती पोर्तुगालसाठी नव्हे, ख्रिस्तासाठी जपली आणि मराठी राज्यात जपली.

कान्होजी ४ जुलै १७२९ रोजी वारले. अलिबागेत त्यांची समाधी आहे. हयातीत कोणत्याही परकीय आरमाराला त्यांचा पराभव करता आला नाही. जे शत्रूला साधले नाही ते पुढे घरच्या फुटीने साधले. सेखोजी १७३३ मध्ये वारले. मग मानाजी कुलाब्यास आणि संभाजी विजयदुर्गास, अशी भावांची ताटातूट झाली. संभाजींच्या मागून आलेल्या तुळाजींचे पेशव्यांशी वितुष्ट आले. १७१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी बोलणी करून जे जोडले होते ते त्यांच्या नातवाच्या काळात तुटले. फेब्रुवारी १७५६ मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या संमतीने वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला आणि बंदरात उभे असलेले आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. ती आग पाहून कोणा मराठी माणसाला आनंद झाला असेल, तर तो फार दिवस टिकला नाही.

आज मुंबईच्या जुन्या किल्ल्यात, ज्या वास्तूतून कंपनीचे गव्हर्नर आंग्र्यांविरुद्ध मोहिमा आखीत तेथेच, भारतीय नौदलाचे ठाणे आहे आणि त्याचे नाव 'आयएनएस आंग्रे'. बूनसाहेबांना हाती न लागलेल्या खांदेरी बेटाला १९९८ मध्ये कान्होजींचे नाव देण्यात आले. खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग हे किल्ले २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये नौदलाच्या निशाणावरचा संत जॉर्जचा लाल क्रूस काढून त्या जागी शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. त्या वेळी आपल्यापैकी काहींना उगाच रुखरुख वाटली. वाटायला नको. तो क्रूस इंग्लंडच्या राज्याची खूण होता. कालवारीच्या टेकडीवरचा क्रूस कोणत्याही आरमाराच्या डोलकाठीवर मावत नाही आणि कोणाच्या आदेशाने उतरतही नाही.

पुढच्या रविवारी तो मुलगा आला. आम्ही त्याला सांगितले: "बाळ, पोर्तुगीज तुझे लोक नव्हेत. व्हियेगस नावाच्या एका कारागिराने शिवाजी महाराजांची जहाजे बांधली, कोर्लईच्या माणसांनी मराठी राज्यात जपमाळ सोडली नाही आणि तुझ्या आजोबांनी या मातीत कापूस पिकवला. हे तुझे लोक. आणि कान्होजी आंग्रेही तुझेच. जितके वर्गातल्या त्या मुलांचे, तितकेच तुझे. उद्या त्यांना तू स्वतःच तो धडा समजावून सांग, पण भांडू नकोस."

पालकांना एवढेच सांगणे आहे की, मुलांना प्रार्थना शिकवता तसा या मुलखाचा इतिहासही शिकवा. आपल्या घरात जो इतिहास सांगितला जात नाही तो मुलांना बाहेर कोणीतरी सांगतो, आणि मग त्यात आपली जागा परक्याची असते.

सारे ऐकून झाल्यावर मुलाने विचारले, "फादर, कुलाबा किल्ला पाण्यात आहे ना? मग आत जायचं कसं?" आम्ही म्हटले, "ओहोटी लागली की पायी चालत जाता येतं." हे त्याला अजिबात खरे वाटले नाही. त्याने समुद्र अजून पाहिलेला नाही. येत्या सुटीत धर्मग्रामातील मुलांना अलिबागेस नेण्याचा विचार आहे. ओहोटीची वेळ पाहून.